भिंत गावात, कागद परगावी

शनिवारवाडा पहिल्यांदा उभा राहिला तेव्हा किती खर्च आला, हे आज शाळकरी पोरालाही सांगता येतं. १६,११० रुपये. १० जानेवारी १७३० ला पायाभरणी झाली आणि २२ जानेवारी १७३२ ला वास्तुशांत. पुढे मजले चढले, दिवाणखाने वाढले, आणि २७ फेब्रुवारी १८२८ ला लागलेल्या आगीत आतलं लाकूडकाम जवळजवळ सगळं गेलं. तटबंदी, दरवाजे, हौद आणि जोती तेवढी शिल्लक राहिली. वाडा गेला तरी त्याचा हिशेब राहिला, कारण तो दप्तरात होता.

आता हाच प्रश्न एखाद्या आडगावच्या गढीपुढे उभं राहून विचारून पाहावा. कुणी बांधली? चुना कुठे मळला? सुतार कुठले होते? वरचा मजला कधी उतरवला? पारावर बसलेल्यांचं उत्तर ठरलेलं असतं : ‘लई जुनी हाये. आमच्या आज्याच्याबी आधीची.’ इमारत डोळ्यांपुढे उभी, आणि तिच्याबद्दल ओळभर मजकूर कुणाकडे नाही. पुण्यात वाडा जळाला आणि कागद उरले, इथे गढी उरली आणि कागदांचा पत्ता नाही. तो पत्ता लावायचं काम अलीकडे काही गावांतली छोटी छोटी दप्तरं करू लागली आहेत. पुढची पानं या कामाविषयी आहेत.

कायद्याचा हात इथपर्यंत पोहोचत नाही. केंद्राच्या १९५८ च्या आणि महाराष्ट्राच्या १९६० च्या कायद्याखाली संरक्षित स्मारकांच्या याद्या आहेत. दोन्ही एकत्र केल्या तरी राज्यापुरता आकडा हजाराला शिवत नाही, आणि गावं आहेत चाळीस हजारांहून जास्त. लेणी, किल्ले, यादवकालीन देवळं यादीत आली. चावडी, धर्मशाळा, बारव, तालीम, नदीवरचा घाट, देशमुखांचा पडका वाडा, साळ्याच्या मागाचं घर हे बहुतेक सगळं यादीबाहेर राहिलं. अशा इमारतींची नोंद झालीच तर ती गावातच होणार.

गावाचं दप्तर म्हणजे काय, याची कल्पना फार मोठी करून घेऊ नये. ग्रामपंचायतीची जुनी खोली किंवा वाचनालयाची मागची बाजू, दोन लोखंडी कपाटं, एक मोजपट्टी, कॅमेऱ्याचं काम करणारा मोबाइल, आणि मोडी वाचणारं एखादं माणूस, तेही बहुधा शेजारच्या गावचं. गवंडी लावायला या दप्तराकडे पैसे नसतात आणि वाडा पाडणाऱ्या मालकाला अडवायचा अधिकारही नसतो. इमारत उभी आहे तोवर तिचं माप घ्यायचं, तिच्याशी जोडलेले कागद जमवायचे आणि तिथे राहिलेल्या माणसांना बोलतं करायचं, एवढंच त्याच्या हातात असतं. ही तिन्ही कामं एकाच ठिकाणी झाली की त्यांना अर्थ येतो. जमाखर्चात ‘पश्चिमेकडील सोप्याचे तुळईस’ अशी नोंद सापडली तर तो सोपा कोणता, हे त्या वाड्यात वावरलेलं माणूसच दाखवू शकतं. परगावच्या अभ्यासकाला ती ओळ वाचता येते, पण बोट ठेवून जागा दाखवता येत नाही.

महाराष्ट्रात कागद जमवण्याची परंपरा मोठी आहे. वि. का. राजवाडे यांना वाईला एरंडे यांच्या वाड्यात कागदांचा साठा सापडला आणि त्यातून १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड निघाला. त्या खंडाची प्रस्तावना मजकुराइतकीच गाजली. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालं. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ ला गेले, आणि त्यांचा संग्रह सांभाळण्यासाठी लगोलग धुळ्यात त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ उभं राहिलं. वाड्यांच्या माळ्यांवर कसर खात पडलेले, रद्दीत निघायच्या बेतात असलेले कागद या मंडळींनी गावोगाव पायपीट करून वाचवले. ते काम झालं नसतं तर आज दप्तरावर बोलायलाही काही उरलं नसतं.

पण या मंडळींचा शोध राजकारणाच्या कागदांचा होता. लढाया, तह, वकिलांची पत्रं, सनदा यांना मान होता. चुन्याचा भाव, सागाच्या वाशांची मोजणी, गवंड्याच्या शिध्याची यादी हे किरकोळ ठरलं. शिवाय कागद गाव सोडून शहरात गेले. वाईजवळच्या मेणवलीचं उदाहरण बोलकं आहे. कृष्णेकाठी नाना फडणविसांचा सहा चौकांचा वाडा आहे, खाली घाट आहे, मेणेश्वराचं देऊळ आहे, आणि वसईच्या मोहिमेनंतर आणलेली म्हणून सांगितली जाणारी मोठी घंटा आहे. ‘स्वदेस’ या २००४ च्या चित्रपटामुळे तो घाट घराघरांत पोहोचला. नानांचं खासगी दप्तरही याच वाड्यात होतं. पुढे ते दत्तात्रय बळवंत पारसनीस यांच्या हाती आलं आणि ‘मेणवली दप्तर’ या नावाने अभ्यासकांना माहीत झालं. ते वाचलं, अभ्यासलं गेलं, ही मोठीच गोष्ट. पण भिंत मेणवलीत राहिली आणि कागद परगावी गेले. आज घाटाच्या पायऱ्या उतरणाऱ्या माणसाला त्या कागदांतलं काही पाहायचं तर त्याला मेणवली सोडावी लागते.

उलट बाजूचं उदाहरण धाराशिव जिल्ह्यातलं तेर. तेरणेकाठचं हे गाव म्हणजे ग्रीक-रोमन व्यापाऱ्यांना ठाऊक असलेलं प्राचीन तगर, आणि पुढे गोरोबाकाकांचं गाव. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हेन्री कझिन्स यांनी इथल्या विटांच्या देवळांचा अभ्यास करून तो पुरातत्त्व खात्याच्या अहवालात छापला. चापाकृती मागच्या भिंतीचं त्रिविक्रमाचं देऊळ त्यामुळे देशभरच्या अभ्यासकांना कळलं. मात्र तेरचा ठेवा तेरमध्ये राहिला तो रामलिंगप्पा लामतुरे या गावच्याच माणसामुळे. पावसात पांढरीच्या टेकाडावरून माती वाहून गेली की मणी, नाणी, मातीच्या मूर्ती, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे वर येत. इतरांना ते खापर वाटे, लामतुऱ्यांनी ते वर्षानुवर्षं जमवलं. त्या हजारो वस्तूंचं आज गावातच त्यांच्या नावाचं शासकीय संग्रहालय आहे. उत्तरेश्वराच्या विटांच्या देवळाची कोरीव लाकडी दारचौकटही तिथेच जपून ठेवली आहे. लाकडाला वाळवी, पाऊस आणि चुलीचं जळण असे तिन्ही शत्रू असतात. त्यांतून एवढं जुनं लाकूड वाचलं, आणि ज्या देवळाचं ते आहे ते देऊळ त्याच गावात पाहता येतं. चौकट मुंबईच्या दालनात गेली असती तर ती सुंदर वस्तू म्हणून मिरवली असती. तेरमध्ये ती एका इमारतीचा भाग म्हणूनच पाहिली जाते.

त्याच तेरणेच्या खोऱ्यात ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमाराला किल्लारीचा भूकंप झाला. सुमारे आठ हजार माणसं गेली. ५२ गावं मुळातून उठवून दुसऱ्या जागी वसवली गेली. नवी गावं सरळ रस्त्यांची, आखीव प्लॉटांची झाली. जुन्या गावांतल्या गल्ल्या, वेशी, गढ्या, चौकाचे वाडे, कोणत्या घराचं तोंड कुठे होतं, पाण्याची वाट कुठून जात होती, यातलं फारच थोडं कागदावर होतं. ढिगारे हलले तशी ही माहितीही गेली. मदतकार्यात गुंतलेल्या कुणाकडून तेव्हा नोंदी ठेवण्याची अपेक्षा करणं गैर ठरलं असतं. नोंदी आधीच्या शांत वर्षांत व्हायला हव्या होत्या.

किल्लारीने आणखी एक धडा दिला, आणि वारशाच्या प्रेमात पडलेल्यांनी तो विसरू नये. त्या भागातल्या जुन्या घरांच्या भिंती दोन्ही अंगांनी दगड आणि मध्ये चिपा-माती अशा जाडजूड होत्या, आणि वर माळवदावर मातीचा फूट-दोन फूट थर. भिंतीच्या दोन्ही पाखांना बांधून धरणारे आरपार दगड बहुतेक ठिकाणी नव्हते. हादरा बसताच भिंती फुटल्या आणि माणसं दगडमातीखाली गेली. अनेक घरांत मात्र लाकडी खणांचा सांगाडा, म्हणजे खांब, तुळया आणि हस्त, उभाच राहिला होता. जुनं म्हणजे मजबूत, हेही खरं नव्हतं आणि जुनं म्हणजे टाकाऊ, हेही खरं नव्हतं. सांगाडा शहाणा होता, भिंत अपुरी होती. गावाच्या दप्तरात घराचं कौतुक लिहिलं नाही तरी चालेल, भिंतीत आरपार दगड आहेत की नाहीत हे मात्र लिहिलेलं असावं.

सरकारी मोजणीत अशी माहिती का मिळत नाही, याचं कारण जुनं आहे. १८३० च्या दशकात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यापासून जमिनीची नवी मोजणी सुरू केली. शेताचा बांधन् बांध नकाशावर आला, कारण त्यावर सारा बसवायचा होता. गावठाणाला सारा नव्हता, त्यामुळे नकाशात ते एका मोकळ्या ठिपक्यासारखं राहिलं. मोठ्या गावांची पुढे सिटी सर्व्हेने मोजणी झाली, बहुतेक लहान गावांची झालीच नाही. योगायोग असा की याच इंदापूर तालुक्यातलं जुनं पळसदेव पुढे उजनी धरणाच्या पाण्याखाली गेलं. धरण १९८० मध्ये पूर्ण झालं. दुष्काळात पाणी उतरलं की पळसनाथाचं देऊळ वर येतं, वर्तमानपत्रांत फोटो छापून येतात, लोक होड्या करून पाहायला जातात. देवळाला पाहुणे मिळतात. देवळाभोवती गाव कसं बसलं होतं, हे जुन्या पळसदेवात वाढलेल्या माणसांनाच सांगता येईल, आणि ती माणसं आता थोडी उरली आहेत.

गावठाणं मोजायला अखेर आकाशातून कॅमेरा यावा लागला. ड्रोनने गावठाण मोजण्याचा महाराष्ट्रातला पहिला प्रयोग पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत झाला, आणि एप्रिल २०२० मध्ये देशभराची स्वामित्व योजना जाहीर झाली. सोनोरी हे पेशव्यांच्या तोफखान्याचे सरदार पानसे यांचं गाव. गावात त्यांची गढी आहे आणि डोक्यावर त्यांनीच १७५७ ते १७६० च्या दरम्यान बांधलेला मल्हारगड, महाराष्ट्रातला सर्वांत शेवटी बांधला गेलेला किल्ला म्हणून ओळखला जाणारा. ड्रोनला गढीचं छप्पर आणि हद्द दिसली. मालकीचा कागद मिळाला, तो हवाच होता. पण छपराखाली कडीपाट आहे की पत्र्याला टेकू दिलाय, बळद कुठे आहे, देवघराच्या कोनाड्यावर काय कोरलंय, हे आत गेल्याशिवाय कळत नाही. ते पाहायला गावातलंच माणूस चपला काढून घरात शिरावं लागतं.

आत शिरल्यावर पाहायचं काय, यातही एक कसब आहे. छपरावर मंगलोरी कौलं असतील तर ते छप्पर १८६५ नंतरचं, कारण त्या साली मंगळुरात बासेल मिशनचा पहिला कौल-कारखाना निघाला. त्याआधी कुंभाराच्या हातची नळीची किंवा थापीची कौलं असत. कौलाच्या पाठीवरचा छाप वाचला तर कारखानाही कळतो. पण छप्पर नवं म्हणून घरही नवं, असं धरून चालत नाही. तुळईतली रिकामी भोकं, खांबावरची वापरात नसलेली खाच, अर्ध्यावर तुटलेला जिना या खुणा जुन्या मांडणीच्या असतात. गावाबाहेर दगडी चाकाची चुन्याची घाणी पडलेली असेल तर तिचीही नोंद घ्यावी, कारण जवळपास चुन्यातलं मोठं बांधकाम झाल्याचा तो पुरावा असतो. ज्या भिंती चुन्याच्या आहेत त्यांवर अलीकडे सिमेंट थापलं असेल तर तारखेसह लिहून ठेवावं. सिमेंटखाली ओल कोंडते आणि काही वर्षांनी दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. तेव्हा दुखणं कधी सुरू झालं, हे त्या नोंदीवरून कळेल.

कागदांचं म्हणाल तर सर्वांत मोलाचा कागद नेहमी मोडीतला असतो असं नाही. ग्रामपंचायतीचा नमुना नंबर ८, म्हणजे घरपट्टीच्या आकारणीची वही, हा कुणाच्या खिजगणतीत नसलेला दस्तऐवज आहे. त्यात घरागणिक बांधकामाचा प्रकार लिहिलेला असतो. आकारणी दर चार वर्षांनी नव्याने होते. जुन्या वह्या एकापुढे एक ठेवल्या तर माळवदाचा पत्रा कधी झाला आणि पत्र्याचा स्लॅब कधी झाला, हे गल्लीवार कळतं. नवी वही आली की जुनी गोणीत जाते, तिथून बंबात. दप्तराने सनदा मागायच्या आधी ही गोणी मागावी.

कर वसुलीच्या रुक्ष वहीतून केवढं हाती लागू शकतं, हे गोव्यात दिसलं आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीज सत्तेखाली तिसवाडी आणि साष्टीतली देवळं पाडली गेली. त्यांच्या जमिनी मात्र महसुलासाठी गावोगाव लिहून घेतल्या गेल्या. ‘फोराल’ नावाच्या या नोंदवह्या पाडणाऱ्यांच्याच कारभारासाठी होत्या. चारशे वर्षांनी अभ्यासकांनी कोणत्या गावात कोणत्या दैवताचं देऊळ होतं याच्या याद्या केल्या, त्या याच वह्यांच्या आधाराने.

वारसा कुणाचा, हा प्रश्न दप्तर उघडताक्षणीच येतो. पाटील-देशमुखांचे वाडे मोठे असतात, त्यांच्याकडे कागद असतात, म्हणून नोंदीही त्यांच्याच होत जातात. महारवाड्यातली जुनी घरं, कुंभारवाड्यातली भट्टी, वेगवेगळ्या जातींचे वेगवेगळे पाणवठे यांवर नक्षी नसते आणि त्यांची सनदही नसते. महाडच्या चवदार तळ्याला महत्त्व आलं ते त्याच्या बांधणीमुळे नव्हे. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरच्या हजारोंनी तिथलं पाणी प्यायलं म्हणून आलं. गावच्या विहिरीची नोंद करताना खोली आणि घेर लिहिला, पण पाणी कुणाला भरता येत होतं आणि कुणाला नव्हतं हे गाळलं, तर ती नोंद अपुरी राहते. बायकांच्या आठवणींचंही तसंच. जुन्या फोटोंत दिंडी दरवाजा आणि ओसरी दिसते. माजघर, न्हाणी, बाळंतिणीची खोली यांचा फोटो कुणी काढला नाही. जातं कुठे होतं, साण्यातून उजेड कुठे पडायचा, पाहुणे आल्यावर सुना कोणत्या दाराने ये-जा करायच्या, हे सांगणारी आजी सापडली तर घराचा निम्मा नकाशा तिच्याकडूनच पुरा होतो.

अडचणी कमी नाहीत. वाड्यात सोळा वाटेकरी असतात आणि त्यांतले चार कोर्टात. कागद दाखवला तर दावा फिरेल, या भीतीने पेटी उघडत नाही. यावर छोट्या दप्तरांनी अनुभवातून काढलेली वाट साधी आहे : मूळ कागद घरातून हलवायचा नाही, तिथेच फोटो काढायचा, एक प्रत मालकाला द्यायची आणि काय उघड करायचं ते त्याला ठरवू द्यायचं. देवळांचा प्रश्न वेगळा. जीर्णोद्धार म्हणजे पुण्यकर्म, आणि गाव वर्गणी काढून हौसेने ते करतं. जुनं दगडी देऊळ उतरवून काँक्रीटचं शिखर उभारणाऱ्यांशी भांडून काही साधत नाही. कुदळ पडण्याआधी चार दिवस मागून घेतले, तर माप, फोटो, शिलालेखाचा ठसा आणि आवारातल्या वीरगळ-गधेगळांची नोंद होते. कित्येकदा ते मोजमाप पाहूनच विश्वस्तांचं मन वळतं आणि गाभारा तरी तसाच राहतो.

पुढच्या पानांची मांडणी कामाच्या क्रमाने केली आहे. पहिल्या भागात इमारत वाचायची कशी : जोत्यापासून आढ्यापर्यंत, खण कसे मोजायचे, लाकूड आणि चुना कसे ओळखायचे. दुसऱ्या भागात कागद : रुमालासाठी मांजरपाट आधी धुऊन त्यातली खळ काढून का घ्यावा, कारण खळीला कसर लागते. फाटलेल्या तावाला चिकटपट्टी का लावू नये, लॅमिनेशन का करू नये, आणि प्रती तीन वेगळ्या ठिकाणी का ठेवाव्यात. तिसऱ्या भागात माणसांशी बोलणं : काय विचारावं, कुठे थांबावं, आवाज रेकॉर्ड करायची परवानगी कशी घ्यावी. शेवटी एका इमारतीसाठी एक, असा दोन पानी कोरा नमुना जोडला आहे. तो कुठल्याही गावाने उतरवून घ्यावा, आपल्याकडच्या शब्दांप्रमाणे बदलावा. कोकणातल्या चिऱ्याच्या घराला देशावरच्या माळवदाचे रकाने लागू पडणार नाहीत. भरायला मार्च ते मे हे महिने बरे. सुगी आटोपलेली असते, उजेड भरपूर असतो, आणि मुलांच्या सुट्टीत मुंबई-पुण्याची मंडळी गावी येतात, त्यामुळे वर्षभर कुलूप असलेल्या वाड्यांत आतपर्यंत जाता येतं.